उंदराच्या मिशा त्याच्या मेंदूत कशा बघायच्या

लॅबमध्ये नवीन आलेल्या मुलांना मी हेच काम आधी देते. मिशा अंधारात हलवत उंदीर वाट काढतो. त्यातल्या प्रत्येक मोठ्या मिशीचा मेंदूत स्वतंत्र ठिपका असतो, तो कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या आवरणाच्या, चौथ्या थरात. १९७० मध्ये वूल्सी आणि व्हॅन डर लूस यांनी त्याला 'बॅरल' म्हटलं, म्हणजे पिंप.

मेंदूला हात लावण्याआधी उंदराच्या गालाचं चित्र काढा. मिशांच्या पाच ओळी असतात, वरून खाली ए ते ई. डाव्या गालाच्या मिशा उजव्या मेंदूत पोचतात, कारण ब्रेनस्टेमहून (मेंदूचा देठ) थॅलॅमसकडे (स्पर्शाचे संदेश कॉर्टेक्सकडे पाठवणारं केंद्र) जाताना तंतू बाजू बदलतात. डावा-उजवा मेंदू लगेच लेबल करा. नंतर आठवत नाही.

आता खरी कसोटी. फिक्सेटिव्ह, म्हणजे मेंदू टिकवून ठेवणारं रसायन, बेताचंच द्या, जास्त झालं तर सायटोक्रोम ऑक्सिडेझ हे पेशीतलं ऊर्जेचं एन्झाइम मरतं आणि रंग चढत नाही. मेंदूचा अर्धा भाग घेऊन आतला थॅलॅमस, हिप्पोकॅम्पस हलकेच खरवडून काढा. उरलेलं कॉर्टेक्सचं पान दोन स्लाइडमध्ये ठेवून चपटं करा. पापड लाटतो तसा जोर देऊ नका! मी पहिल्यांदा दिला होता. पान नेमकं बॅरलच्या जागी फाटलं. स्लाइडमध्ये दोन्ही कडांना काचेचे तुकडे ठेवले की दाब आपोआप बेताचा राहतो. पानाच्या पुढच्या टोकाला ओळखीसाठी छोटी खाच मारा.

व्हायब्रेटोमवर (थरथरत्या पात्याने पातळ काप काढणारं यंत्र) पृष्ठभागाला समांतर, ५० मायक्रॉनचे काप घ्या आणि क्रमानेच ठेवा. चौथा थर मोजक्याच कापांत येतो.

काप रंगवायचं द्रावण असं: १०० मिली फॉस्फेट बफरमध्ये ५० मिग्रॅ डीएबी (तपकिरी रंग देणारं रसायन), ३० मिग्रॅ सायटोक्रोम सी (एन्झाइम ज्यावर काम करतं ते प्रोटीन), ४ ग्रॅम साखर म्हणजे सुक्रोज. डीएबीने कॅन्सरचा धोका संभवतो, हातमोजे सोडू नका. काप त्यात बुडवून ३७ अंशांवर, अंधारात ठेवा आणि अर्ध्या तासाने डोकावत राहा. थॅलॅमसचे तंतू बॅरलमध्येच दाट उतरतात; तिथे ऊर्जा जास्त जळते, एन्झाइम जास्त, म्हणून तिथेच तपकिरी रंग आधी येतो. कडा स्पष्ट दिसल्या की थांबवा, नाहीतर सगळंच चहासारखं होतं.

आता गालाचं चित्र शेजारी ठेवा. मागच्या लांब मिशांचे ठिपके मोठे, नाकाजवळच्यांचे बारीक. ओळी जुळत नसतील तर खाच बघा. स्लाइड बहुधा पालथी असते.