सिनॅमन रोलचं आयसिंग: पातळ झालं तर साखर नको, फ्रीज

सिनॅमन रोल, म्हणजे दालचिनीचे गोड वेटोळे पाव, आयसिंगशिवायही खाल्ले जातात. स्वीडनमध्ये त्यांच्यावर फक्त जाड दाण्याची पांढरी साखर पेरतात. क्रीम चीजचं आंबटगोड आयसिंग ही अमेरिकेतली सवय, आणि १९८५ मध्ये सिएटलजवळ सुरू झालेल्या सिनॅबॉन या दुकानांच्या साखळीमुळे ती जगभर गेली. आपल्याला मॉलमध्ये जो रोल भेटतो, तो हाच.

रोलच्या आत ब्राऊन शुगर आणि लोणी भरपूर असतंच. त्यामुळे वरच्या आयसिंगने आणखी गोडवा आणायचा नसतो, थोडा आंबटपणा, थोडा खारेपणा आणि स्निग्धपणा आणायचा असतो. नुसत्या दूध-साखरेच्या आयसिंगने रोल तिसऱ्या घासाला जड वाटू लागतो, तो यामुळेच.

९ इंची टिनमधल्या ८-९ रोलना पुरेल असं प्रमाण:

क्रीम चीज १०० ग्रॅम (साधं, लसूण-हर्ब्सवालं नव्हे)
बिनमिठाचं लोणी ५० ग्रॅम
आयसिंग शुगर १०० ग्रॅम, चाळून
व्हॅनिला इसेन्स अर्धा छोटा चमचा
मीठ चिमूटभर

हे सगळं काट्यावर तोला. आयसिंग शुगरची वाटी दाबून भरली की हलकी भरली, यात २०-२५ ग्रॅमचा फरक सहज पडतो, आणि एवढ्याशा आयसिंगमध्ये तो लगेच कळतो. घरात पिवळं खारं बटरच असेल तर तेही चालतं. मग वेगळं मीठ अजिबात घालू नका. घरचं पांढरं लोणी घ्यायचं असेल तर गार पाण्यात तीन-चार वेळा धुऊन, दाबून पाणी पूर्ण काढा. आत ताक राहिलं तर आयसिंगला वास येतो आणि तासाभरात कडेनं पाणी सुटतं.

अमेरिकी पाककृती लोणी आणि चीज दोन्ही खोलीच्या तापमानाला आणायला सांगतात. ती खोली २०-२१ अंशांची असते. नागपुरात मे महिन्यात स्वयंपाकघर ३५ च्या पुढे असतं आणि तिथे लोणी तासाभरात तेल होतं. म्हणून घड्याळ न बघता बोट लावून बघा: लोण्यात खड्डा पडावा, पण बोट तेलकट चकचकीत होऊ नये. उन्हाळ्यात त्याला पंधरा मिनिटं पुरतात, थंडीत तास लागतो. क्रीम चीज मात्र गारच हवं. वापरायच्या दहा मिनिटं आधी बाहेर काढा आणि वेगळ्या वाटीत स्पॅच्युलाने घोटून एकसारखं करून ठेवा. फ्रीजमधून थेट घातलं तर त्याच्या बारीक गुठळ्या राहतात, मग त्या मोडायला बीटर जास्त फिरवावा लागतो, आणि नेमकं तेच टाळायचं आहे.

आधी लोणी, मीठ आणि साखर एकत्र करा. सुरुवातीला स्पॅच्युलाने कालवा, नाहीतर बीटर लावताच साखरेचा धुरळा ओट्याभर होतो. मग मध्यम वेगाने दोन-तीन मिनिटं, रंग फिकट होऊन मिश्रण हलकं होईपर्यंत फेटा. फेटण्याची हौस इथेच फेडून घ्या. आता क्रीम चीज तीन भागांत घाला. बीटर सगळ्यात कमी वेगावर, प्रत्येक वेळी जेमतेम मिसळेपर्यंतच. शेवटी व्हॅनिला, आणि थांबा. बीटर उचलल्यावर त्याला चिकटलेलं आयसिंग टोकदार उभं राहून शेंडा किंचित वाकला, की झालं.

का थांबायचं? क्रीम चीजमध्ये निम्म्याच्या आसपास पाणीच असतं. प्रथिनांच्या जाळीत ते धरून ठेवलेलं असतं. जोरात फेटलं की जाळी मोडते आणि पाणी मोकळं होतं. त्या पाण्यात साखर विरघळून पाक तयार होतो आणि घट्ट आयसिंग बघता बघता ओघळू लागतं. चक्क्यात साखर घातली की थोड्या वेळाने तो सैल होतो, तसंच हे. अशा वेळी हात आपोआप साखरेच्या डब्याकडे जातो. नवी साखर पाच मिनिटं घट्टपणा दाखवते, मग तीही उरलेलं पाणी ओढून पाक होते. आयसिंग पातळ ते पातळच राहतं, वर दात शिवशिवतील इतकं गोड होतं. आधी भांडं झाकून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. लोणी पुन्हा घट्ट झालं की बहुतेक वेळा आयसिंग आपोआप सावरतं. नंतर बीटर न लावता चमच्याने हलवा. त्यानंतरही सैल वाटलं तरच साखर, तीही एखादा मोठा चमचा.

उलट प्रकारही होतो: मिश्रण फाटल्यासारखं, बारीक दाण्यांचं दिसतं. याचा अर्थ लोणी फार गार होतं. भांड्याचा तळ कोमट पाण्यात पाच-दहा सेकंद धरा आणि हाताने घोटा.

दाताखाली कचकच लागली तर दोष साखरेचा. लोण्याच्या आयसिंगमध्ये साखरेचा रवा विरघळायला पुरेसं पाणी नसतं, त्यामुळे किती फेटलं तरी तो जात नाही. घरी पिठीसाखर करायची तर १०० ग्रॅम साखरेत एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर घाला, मिक्सरच्या पूर्ण कोरड्या भांड्यात थांबून थांबून फिरवा आणि मैद्याच्या चाळणीने चाळा. वर उरलेला रवा पुन्हा फिरवा, पुन्हा चाळा. एका दमात फिरवत राहिलात तर भांडं तापतं आणि साखर तळाला धरते. चिमूट दोन बोटांत चोळून बघा. खरखर अजिबात लागता कामा नये.

क्रीम चीज महाग वाटत असेल किंवा गावात मिळत नसेल तर चक्का वापरा. आंबटपणा जवळपास तोच येतो. अर्धा किलो घट्ट, ताज्या, सायीच्या दह्याला मलमलच्या फडक्यात बांधून फ्रीजमध्येच रात्रभर टांगा, मग वर वजन ठेवून आणखी दोन तास दाबा. बाहेर टांगलं तर आंबटपणा हाताबाहेर जातो. त्यातला १०० ग्रॅम पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून काढा आणि लोणी-साखर फेटून झाल्यावर स्पॅच्युलाने हलकेच मिसळा. बीटर अजिबात नको. चक्क्यात स्निग्धांश कमी असतो, म्हणून लोणी ६० ग्रॅम घ्या. हे आयसिंग मऊच राहतं आणि त्याच दिवशी संपवावं लागतं. पनीर मिक्सरमधून काढून वापरायच्या भानगडीत पडू नका, दाणा राहतोच.

लावण्याच्या वेळेवर निम्मी चव अवलंबून आहे. टिन ओव्हनमधून काढल्यावर पाच मिनिटांनी एक तृतीयांश आयसिंग पातळ थर देऊन पसरा. ते वितळून वेटोळ्यांच्या फटींत उतरतं, आणि उतरायलाच हवं. बाकीचं वीस-पंचवीस मिनिटांनी, टिनला हाताची मागची बाजू लावून कोमट लागेल तेव्हा. लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळतं. सगळं आयसिंग गरम रोलवर ओतलं तर तूप सुटून तळाशी साचतं आणि खालचा पाव गिच्च होतो. पूर्ण गार रोलवर लावलं तर थर नुसता वर बसतो, पहिल्या घासाला अख्खा निघून येतो.

साधं दुधाचं आयसिंग त्यामानाने सोपं. १२० ग्रॅम चाळलेली आयसिंग शुगर, २० ग्रॅम वितळवलेलं लोणी, चिमूटभर मीठ आणि दीड ते दोन मोठे चमचे गरम दूध. पहिला एक मोठा चमचा एकदम, पुढचं छोट्या चमच्याने, प्रत्येक वेळी ढवळून. इथे अर्धा चमचा दूध जास्त झालं तरी आयसिंग रोलवरून घसरून ताटात येतं. चमच्यावरून पडलेली धार दहा सेकंदांत मिश्रणात मिसळून गेली तर बरोबर; लगेच मिसळली तर साखर वाढवा, इथे ती चालते. लिंबाचा रस हवा असेल तर दुधाऐवजी घाला. दोन्ही एकत्र आले की दूध फाटून बारीक कण दिसतात. लावायला वेळ असेल तर भांड्यावर ओलं फडकं टाका, नाहीतर वर पापुद्रा धरतो.

क्रीम चीज किंवा चक्क्याचं आयसिंग लावलेले रोल दोन तासांपेक्षा जास्त बाहेर नकोत, कडक उन्हाळ्यात तासभरच. फ्रीजमध्ये पाव कडक होतो. म्हणून जेवढे खायचे तेवढ्याच रोलना आयसिंग लावा. बाकीचे रोल कोरडेच हवाबंद डब्यात बाहेर दोन दिवस राहतात, आणि क्रीम चीजचं आयसिंग वेगळं फ्रीजमध्ये चार-पाच दिवस. खायच्या वेळी रोल मायक्रोवेव्हमध्ये १५-२० सेकंद गरम करा आणि वर गार आयसिंगचा चमचा ठेवा. मुलांच्या डब्यात किंवा प्रवासात द्यायचे असतील तर सरळ दुधाचं आयसिंग लावा, वरून तासभर सुकू द्या, मगच झाकण लावा.