स्कीवरून कड्याची उडी: तोल कसा सांभाळावा, आणि साताऱ्यात त्याचा सराव कसा करावा

गुलमर्ग किंवा औलीला स्की शिकून आलेल्यांना पुढच्या हिवाळ्यात छोट्या कड्यावरून उडी मारायची असते. त्यांनी आधी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी: हवेत तोल फारसा सुधारता येत नाही. पाय सुटले की शरीर कुठून कुठे जाणार हे ठरून गेलेलं असतं. हात गरगरा फिरवून धड थोडंसं वळतं, इतकंच. शिवाय २ मीटर खाली यायला जेमतेम ०.६ सेकंद लागतात. तेवढ्यात विचार होत नाही, सवयच कामाला येते. ती बर्फाशिवायही लावता येते.

मांड्या. अजिंक्यताऱ्यावर सगळे चढायच्या व्यायामासाठी जातात, तुम्ही उतरण्याकडे लक्ष द्या. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो आणि उडीनंतर अंगाचा भार झेलताना नेमकं हेच लागतं. यवतेश्वरचा घाट हलक्या पावलांनी पळत उतरणंही चांगलं, पण पहाटे. कास पठाराच्या फुलांच्या हंगामात तिथे गाड्यांतून वाट काढावी लागते.

माती. माझ्या मते याहून चांगला सराव नाही. वस्तादांना विचारून कुस्तीच्या तालमीत जा, आणि माती खोदून मऊ केलेली असेल तेव्हा फूटभर उंच ठोकळ्यावरून मातीच्या हौद्यात उडी मारा. चवड्यावर उतरू नका. स्कीच्या बुटात घोटा जवळजवळ जखडलेला असतो, त्यामुळे तिथे चवड्याचा उपयोग नाही. पूर्ण तळपायावर उतरा, नडगी पुढे झुकलेली, दोन गुडघ्यांमध्ये खांद्यांच्या रुंदीइतकं अंतर. मग मागे वळून ठसे पाहा. टाच खोल रुतली असेल तर तुम्ही मागे बसलात. एक ठसा दुसऱ्यापेक्षा खोल असेल तर भार एकाच पायावर आला. दोन्ही ठसे सारखे उमटू लागल्याशिवाय ठोकळा उंच करू नका.

बर्फावर. सुरुवात अर्ध्या मीटरच्या उंचवट्यापासून करा. उडी मारण्याआधी खालून जाऊन उतरायची जागा बघा: बर्फ खोल आणि मऊ हवा, खाली खडक नको, पुढे थांबायला मोकळा उतार हवा. सपाट जागा कटाक्षाने टाळा. २ मीटरवरून सपाटीवर पडलात तर ताशी सुमारे २२ किलोमीटरचा आघात थेट गुडघ्यांवर येतो. एकूण तेवढेच २ मीटर खाली येऊन, पण ताशी १८ किलोमीटर वेगाने पुढे जात ३५ अंशांच्या उतारावर टेकलात, तर उताराला काटकोनात बसणारा आघात ताशी ८ किलोमीटरच्या आसपास उरतो. म्हणून काठावर जवळजवळ थांबून टुपकन पडणं सुरक्षित वाटलं तरी ते नसतं.

पण हिमस्खलनंही बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवरच होतात. स्थानिक वाटाड्या, हिमस्खलनात शोध घेणारा ट्रान्सीव्हर, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं यांशिवाय स्कीसाठी आखलेल्या पट्ट्याबाहेर जाऊच नका. हेल्मेट तर हवंच.

काठाजवळ भीतीने माणूस मागे रेलतो आणि पुढचं सगळं तिथेच बिघडतं. नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली ठेवा, हात जेवणाचं ताट धरल्यासारखे पुढे, नजर काठावर नाही तर उतरायच्या जागेवर. काठावर दोन्ही पायांनी हलका, सारखा रेटा द्या. हवेत गुडघे पोटाकडे घ्या, पावलं कमरेखाली ओढा, म्हणजे स्कीची टोकं उताराला समांतर खाली झुकतात. टेकण्याआधी पाय पुन्हा लांब करा, पण गुडघे ताठ करू नका. दोन्ही स्की एकदम टेकल्या की भार मुख्यतः गुडघा आणि कंबर यांतून, आणि बुटात घोटा वाकेल तेवढा घोट्यातून जिरवा.

मागे बसून उतरलात तर स्कीची शेपटी आधी टेकते, बूट नडगीला पुढे ढकलतो आणि गुडघ्यातला पुढचा अस्थिबंध तुटू शकतो. गुडघे चेहऱ्यावर आदळून ओठ फुटणं ही त्यामानाने किरकोळ गोष्ट, तीही गुडघे एकमेकांपासून लांब ठेवले तर टळते.

टेकल्याबरोबर वळू नका, थोडं सरळ जाऊ द्या. दोघे असाल तर दुसऱ्याने पहिल्याच्या जागी उतरू नये. मऊ बर्फात तिथे खड्डा पडलेला असतो आणि त्याच्या कडेत स्कीची टोकं अडकतात. दोन-तीन मीटर बाजूची जागा घ्या, तीही आधी खालून बघून.