रत्नागिरीत इलेक्ट्रिक स्कूटर चालवताय? मग एवढं बघून घ्या

सगळ्यात आधी आपली गाडी कुठल्या प्रकारात बसते ते बघा, कारण अर्धा गोंधळ तिथेच होतो. मोटर २५० वॅटपेक्षा कमी आणि स्पीड ताशी २५ किमीच्या आत, आणि कंपनीकडे तशी सरकारमान्य टेस्टिंग एजन्सीची मंजुरी असेल, तर त्या गाडीला रजिस्ट्रेशन, लायसन्स लागत नाही. शोरूममध्ये मंजुरीचा कागद मागा, नुसतं तोंडी ऐकून घेऊ नका. आणि कोणी म्हणालं की स्पीड रोखणारी वायर काढून देतो, गाडी चाळीसने पळेल, तर अजिबात करू नका, कारण मग ती कायद्याने मोटार वाहनच झाली आणि तिला ना नंबर ना इन्शुरन्स, उद्या कोणाला धडकली तर भरपाई सगळी तुमच्या खिशातून.

बाकी मोठ्या स्कूटरना सगळं लागतं. हिरवी नंबर प्लेट, लायसन्स, थर्ड पार्टी इन्शुरन्स, आयएसआय मार्कचं हेल्मेट. फक्त पीयूसी लागत नाही. हेल्मेट नसेल तर कायद्यात १००० रुपये दंड आहे आणि लायसन्स तीन महिने निलंबित होऊ शकतं, ट्रिपल सीटलाही तेच. पोराला क्लासला जायला गाडी देणाऱ्या आईबाबांनी हे नीट वाचा: लायसन्सचं वय नसलेल्या मुलाने मोठी गाडी चालवली आणि त्याच्याकडून गुन्हा झाला तर पालक किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, असं कायद्यातच आहे (कलम १९९अ). पोरगं हुशार आहे, सावकाश चालवतं, हे तिथे चालत नाही.

आता चालवण्याचं. या गाडीला आवाज नसतो, आणि राम आळीसारख्या बाजारात म्हातारी माणसं मागे न बघता बाजूला होतात कारण त्यांना गाडी कळतच नाही, म्हणून तिथे स्पीड अगदी कमी ठेवा, लांबूनच एक हलका हॉर्न द्या, अगदी पाठीशी येऊन कर्कश वाजवू नका, माणूस दचकून नेमका आडवा येतो. उतारावर दोन्ही ब्रेक वापरा. बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर रीजन ब्रेकिंग (म्हणजे मोटरच गाडी हळू करते आणि ती ऊर्जा बॅटरीत परत भरते) जवळपास काम करत नाही, सकाळी फुल चार्ज करून मारुती मंदिराकडून खाली येताना गाडी नेहमीपेक्षा जास्त सुटते ती यामुळे. अरुंद चढावर समोरून गाडी चढत असेल तर उतरणाऱ्याने थांबायचं, हा नियम आहे, मेहेरबानी नाही. भाट्याच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूत गाडी घालू नका, खारं पाणी कनेक्टरला खातं.

पार्किंगबद्दल मला जरा जास्तच बोलायचंय. गाडी लहान आहे म्हणून फुटपाथवर चढवतात, आणि मग शाळेतली पोरं आणि काठी टेकत जाणाऱ्या आजी रस्त्यावर उतरून चालतात, तेही पावसात. फुटपाथ, झेब्रा क्रॉसिंग, वळण, पूल, एसटीचा थांबा, हॉस्पिटलचं किंवा कोणाच्याही घराचं गेट, आधीच लावलेल्या गाडीच्या शेजारी दुसरी रांग, यातलं काहीही चालणार नाही. गणपतीत चाकरमानी आले की जागा मिळत नाही हे खरंय, पण तेव्हाच अ‍ॅम्ब्युलन्सलाही जायला वाट हवी असते, लांब लावा आणि चालत या. मऊ लाल मातीत साईड स्टँड रुततो, गाडी आडवी पडते, तिथे मेन स्टँड लावा किंवा खाली सपाट चिरा (जांभ्याचा दगड) ठेवा.

चार्जिंगची वायर खिडकीतून काढून रस्त्यावर किंवा गटारावरून नेऊ नका, पावसात तर नकोच, कोणीतरी अडकून पडेल किंवा शॉक बसेल. १५ अँपिअरचा वेगळा पॉइंट, नीट अर्थिंग आणि वर छप्पर, एवढं वायरमनकडून करून घ्या. सोसायटीत राहत असाल तर आधी कमिटीला विचारा, आणि विजा चमकायला लागल्या की प्लग काढून ठेवा.