घर किरायाने द्यायचंय किंवा विकायचंय? जाहिरात अशी लिहा

आधी टेप घ्या आणि घरभर एक फेरी मारा. नागपुरात मनीषनगर असो की जरीपटका, जाहिरातींत 'प्राइम लोकेशन', 'लक्झुरियस', 'चांगली वस्ती' हेच शब्द असतात आणि वाचून घराबद्दल काही कळत नाही. मापं हाती असली की या शब्दांची गरज उरत नाही.

पहिल्या ओळीत भाग, मजला, खोल्या, कार्पेट एरिया (म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरता येणारी जागा) आणि किराया किंवा किंमत लिहा. २०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्यानुसार कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि गच्ची धरत नाहीत. रेराखाली येणाऱ्या नव्या स्कीमच्या जाहिरातीत महारेराचा (म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक लागतो, ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. जुना फ्लॅट विकताना हे बंधन नाही, तरी माप कार्पेटचंच द्या. प्लॉट असेल तर एनए (अकृषक परवानगी), टीपी (नगररचना विभागाची मंजुरी), आरएल (प्लॉट नियमित केल्याचं पत्र) यांपैकी जो कागद हातात आहे तोच लिहा. आरएलसाठी नुसता अर्ज केला असेल तर 'अर्ज केला आहे' एवढंच लिहावं.

मग नागपूरकर खरंच विचारतो ते सांगा. इथला पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जातो, त्यामुळे पश्चिमेची भिंत उघडी आहे का, वरती थेट गच्ची आहे का, कूलर कुठे बसतो, नळ किती वेळ असतो, हे 'हवेशीर' या एका शब्दापेक्षा कितीतरी उपयोगाचं आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जाहिरातीत घराचं वर्णन करा, कोणी राहावं याचं नको. 'फक्त फॅमिली', 'बॅचलर नको', 'शुद्ध शाकाहारी', 'अमुक समाजाची वस्ती' असं लिहिलं की मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातली नर्स, मिहानच्या कंपन्यांमध्ये नोकरी करणाऱ्या दोन मैत्रिणी, एकटे राहणारे निवृत्त शिक्षक, सगळे फोन न करताच पुढे जातात. वेळेवर किराया देणारा माणूस आपणच दारातून परत पाठवतो. आणि हा फक्त व्यवहाराचा प्रश्न नाही. १९५६ साली दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी जातीची चौकट सोडली, त्याच शहरात आडनाव ऐकून घर नाकारलं जातं. ही गोष्ट मला फार लागते. निदान आपल्या लिहिण्यातून तरी ती काढून टाकूया. पत्ता देतानाही वस्तीचं जातिवाचक जुनं नाव वापरू नका. अशी नावं बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्येच घेतला आहे.

तुमची अडचण खरी असेल तर तिचा नियम करा, आणि तो सगळ्यांना सारखा लावा. गोंगाटाची भीती असेल तर 'रात्री दहानंतर गच्चीवर आवाज नको'. भरवशाची काळजी असेल तर 'नोंदणीकृत करार आणि पोलीस पडताळणी आवश्यक'. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा असं राज्याचा कायदाच सांगतो.

पायऱ्यांबद्दलही स्पष्ट लिहा. 'ज्येष्ठांसाठी उत्तम' म्हणजे नेमकं काय, हे व्हीलचेअर वापरणाऱ्याला कळत नाही. गेटपासून दारापर्यंत किती पायऱ्या, रॅम्प आहे का, लिफ्टचं आणि बाथरूमचं दार किती रुंद, ते मोजून द्या. 'स्टेशन पायी पाच मिनिटांवर' यातली पाच मिनिटं प्रत्येकाची वेगळी असतात. अंतर मीटरमध्ये द्या.

सगळं जुळवलं की असं काहीतरी तयार होतं:

'मनीषनगर, दुसरा मजला, दोन बेडरूम, कार्पेट ६८० चौरस फूट, किराया १६,००० रुपये, अनामत दोन महिन्यांची. गेटवर तीन पायऱ्या, रॅम्प नाही. लिफ्टचं दार ८० सेंटिमीटर. हॉलला पूर्वेची खिडकी, कूलरसाठी स्टँड आहे. पार्किंग एक कार, एक दुचाकी. उज्ज्वलनगर मेट्रो स्टेशन सुमारे १,५०० मीटर. नोंदणीकृत करार होईल.'

टाकण्याआधी घरातल्या दुसऱ्या कुणाला वाचून दाखवा आणि 'हे घर कोणासाठी नाही असं वाटतं?' एवढंच विचारा. उत्तरात माणसांचा एखादा गट आला तर ती ओळ बदला. फोटो दिवसाउजेडी काढा, खिडक्या उघड्या ठेवून. घर गेलं की जाहिरात त्याच दिवशी काढून टाका.