जुन्या पक्षीनोंदीतलं नाव सापडत नसेल तर

जुन्या वहीतलं शास्त्रीय नाव आजच्या यादीत मिळालं नाही, तर पहिला शब्द सोडा आणि दुसरा धरा. पहिला प्रजातीचा, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचा असतो, प्रजाती बदलली की तो बदलतो. दुसरा सहसा टिकतो. मोठा बगळा घ्या: कुठे एग्रेटा आल्बा, कुठे कॅस्मेरोडियस आल्बस, आता आर्डिया आल्बा. पक्षी तोच, तसाच पाण्यात एका पायावर उभा! शेवटचं अक्षर मात्र पहिल्या शब्दाच्या व्याकरणिक लिंगाप्रमाणे हलतं, म्हणून शोधताना नुसतं 'आल्ब' एवढंच टाका.

एका जातीच्या दोन झाल्या की ही युक्ती पुरत नाही. गुरांमागे फिरणाऱ्या गायबगळ्याचं तसंच झालं. वहीतलं 'आयबिस' हे दुसरं नाव आता पश्चिमेकडच्या जातीचं, आपल्याकडच्या जातीचं 'कोरोमांडा'. इथे ठिकाणच कामी येतं. त्यामुळे नुसतं 'गायबगळा, ४' लिहू नका. गाव, तारीख आणि कुठली यादी वापरली तेही लिहा. जून २०२५ मध्ये 'एव्हिलिस्ट' ही जागतिक सामायिक यादी आली, नव्या नोंदींना मी तीच धरतो. जुनं नाव खोडू नका, शेजारी पेन्सिलीने नवं लिहा.