पहिलीतल्या मुलांना वाचायला कसं शिकवायचं: पाच अक्षरं आणि एक काना

आधी क ते ज्ञ पाठ, मग अख्खी बाराखडी आणि त्यानंतर कुठे शब्द, असं अजून बऱ्याच घरांत चालतं आणि पहिला खरा शब्द हाती लागेपर्यंत पोरं पार कंटाळून जातात. एवढं थांबायची काहीच गरज नाही, पाच अक्षरं आली की वाचन सुरू करता येतं.

सुरुवातीला पाटी-पुस्तक बाजूला ठेवा आणि नुसतं कानाने खेळा. म ने सुरू होणारी घरातली वस्तू सांग म्हटलं की मीठ, माठ, मोबाईल, काहीही चालेल. मग टाळ्या वाजवत शब्द तोडायचे, बा-द-ली, टो-प-ली.

हे जमायला लागलं की र, म, क, न, ल आणि काना घ्या, जुन्या लग्नपत्रिका कापून मस्त कार्डं होतात, काना मात्र वेगळ्या पट्टीवर काढा. न, काना, क असं मांडून 'नाक' वाचून घ्या, मग काना जागेवरच ठेवून न आणि क ची अदलाबदल करायला सांगा, 'कान' झाला! अक्षराची जागा बदलली की शब्द बदलतो हे मुलाला स्वतःच्या हाताने कळतं, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. एवढ्यातच काम, लाल, मका, कमान होतात, आणि "मामा, काम कर" हे पूर्ण वाक्यसुद्धा.

बरीच मुलं न… र… म… असं सुटंसुटं वाचतात आणि शब्द काय ते कळतच नाही, कारण बोलताना आपण शेवटच्या म मधला अ गाळतो. अशावेळी रागवू नका, अक्षरांखालून बोट न थांबवता सरकवा आणि आवाज जोडून म्हणायला लावा.

ऱ्हस्व वेलांटी जरा सावकाश घ्या, ती दिसते आधी आणि उच्चारली जाते नंतर, म्हणून 'दिवा' करताना आधी द ठेवा मग वेलांटी लावा. चहातला च आणि चाकातला च वेगळा, तो ऐकवूनच शिकवायचा.

जोडाक्षरं सगळ्यात शेवटी, त्यातही पक्का, गल्ली असे एकच अक्षर त्यालाच जोडलेले शब्द आधी. र ची रूपं एका दिवशी एकच घ्या, आज सूर्य तर चक्र उद्या, आणि ट्रक त्यानंतर.