घटस्फोटानंतर मुलाची पोटगी: कशी मागायची, कशी ठरते, थकली तर कशी वसूल करायची

परस्पर संमतीच्या घटस्फोटात "मला काही नको, फक्त सुटका द्या" असं म्हणत अनेक आया मुलाच्या पोटगीवरही पाणी सोडतात. असं करू नका. स्वतःची पोटगी सोडायची की नाही, ते तुम्ही ठरवा. मुलाची पोटगी मात्र मुलाचा हक्क आहे, आणि तो तुम्हाला परस्पर सोडून देता येत नाही. तसं लिहून दिलं असलं तरी मुलाच्या वतीने अर्ज करता येतो.

अर्ज कुठे करायचा? घटस्फोटाचा दावा हिंदू विवाह कायद्याखाली असेल, तर कलम 26 नुसार त्याच न्यायालयात, अगदी निकालानंतरही. दुसरा मार्ग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125. तो सगळ्या धर्मांना लागू आहे. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया आणि मुलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

आता खर्चाचा तक्ता. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. "महिन्याला पंधरा-वीस हजार लागतात" असं मोघम लिहिलं की समोरचा वकील पहिला घाव तिथेच घालतो. शाळेची वर्षाची फी 48,000 असेल तर दरमहा 4,000 लिहा आणि पावती जोडा. मग स्कूल व्हॅन, क्लास, वह्या-पुस्तकं, गणवेश, चष्मा, औषधं आणि घरभाड्यातला मुलाचा वाटा. वर्षातून एकदाच होणारे खर्च बाराने भागून धरा, नेमके तेच निसटतात.

उत्पन्न उघड करणं. रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र बंधनकारक केलं. समोरच्याने धंदा रोखीचा म्हणून उत्पन्न कमी दाखवलं, तर बँक खात्याचे उतारे, आयकर विवरणपत्रं, गाडी आणि कर्जाचे हप्ते यांवर बोट ठेवा.

रक्कम ठरवायला ठरावीक टक्केवारी नाही. दोघांचं उत्पन्न, मुलाच्या गरजा, आधीचं राहणीमान, इतर जबाबदाऱ्या हे सगळं पाहिलं जातं. आई कमावते म्हणून वडील सुटत नाहीत, खर्च ऐपतीप्रमाणे वाटला जातो. रजनेश विरुद्ध नेहा निकालानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते. निकालाला वेळ लागणारच, म्हणून अंतरिम पोटगीचा अर्ज सोबतच द्या. कलम 144 खाली तो नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत निकाली काढायचा असतो.

पोटगी थकली तर वाट बघत बसू नका. कलम 144 च्या आदेशावर वॉरंट काढून वसुली करायची असेल, तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. चौदा महिने थांबलात, तर पहिल्या दोन महिन्यांचे पैसे या मार्गाने हातचे जातात. अर्जासोबत महिनावार तक्ता द्या: देय तारीख, आलेली रक्कम, बाकी. त्यासाठी पैसे नेहमी बँकेतूनच घ्या. तरीही दिले नाहीत, तर प्रत्येक थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगली म्हणून देणं फिटत नाही. कलम 26 सारख्या दिवाणी आदेशाच्या (हुकूमनाम्याच्या) अंमलबजावणीत पगाराची जप्तीही मागता येते. पोटगीसाठी पगाराचा फक्त एक-तृतीयांश भाग जप्तीपासून सुरक्षित असतो.

पैसे येत नाहीत म्हणून मुलाची भेट मात्र अडवू नका. आणि भेट मिळत नाही म्हणून वडिलांनीही पोटगी रोखू नये. दोन्ही आदेश वेगळे आहेत, आणि या ओढाताणीत पोर भरडलं जातं.

मूल वरच्या वर्गात गेलं, आजारपण आलं, तर रक्कम वाढवण्याचा अर्ज कलम 146 खाली करता येतो. देणाऱ्याची नोकरी गेली असेल, तर त्यानेही याच कलमाखाली लगेच अर्ज करावा. आदेश बदलेपर्यंत जुनी रक्कम दर महिन्याला चढतच राहते.